फळ्यावरचा पाऊस

सोमवारी संध्याकाळी मल्हारी पगारे गुरुजींनी बुद्धविहाराच्या भिंतीवरचा फळा पुसला, तेव्हा कॉलनीतली पोरं पायऱ्यांवर येऊन बसलीच होती. मार्च नुकता लागला होता. पहाटे चादर हवीशी वाटावी आणि दुपारी सावली शोधावी, असे दिवस. थंडी सरली होती आणि उन्हाळ्याने अजून डोळे वटारले नव्हते. नाशिकला असे दिवस मोजकेच मिळतात, आणि गुरुजींच्या मते शिकवायला तेच सगळ्यांत चांगले. हवेत काही घडत नसतं तेव्हाच तिच्याकडे नीट बघायला सवड मिळते.

दिंडोरी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून गुरुजी निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली होती. पण पेन्शन सुरू झाली म्हणून शिकवण्याची खोड जात नाही. नाशिकरोडच्या या कॉलनीत राहायला आल्यावर त्यांनी विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर काळा रंग मारून घेतला आणि पोरांना हवामान शिकवायला सुरुवात केली. फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ. डावीकडे 'आम्ही पाहिले', उजवीकडे 'आम्ही ऐकले'. फोनवर आलेला, पेपरात छापलेला अंदाज उजवीकडे जायचा. पोरांनी स्वतः बघितलेलं आणि मोजलेलं, तेवढंच डावीकडे.

"ऐकलेलं खोटंच असतं असं नाही," दर नव्या पोराला ते सांगत. "पण ते पाहिलेल्याच्या रांगेत बसवायचं नाही. सांगणारा कितीही मोठा असो."

त्या सोमवारी उजवीकडे त्यांनी फोनमध्ये बघून लिहिलं: उत्तर महाराष्ट्रात आठवडाभर हवामान कोरडे. आकाश निरभ्र. पहाटे हलका गारवा, दुपारी सौम्य ऊन. पावसाची शक्यता नाही.

डावीकडची बाजू सृष्टीची होती. पाचवीतली ही पोरगी बोलायला कमी आणि बघायला तिखट. विहाराच्या ओसरीत दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले होते. एक उघडा, आणि दुसऱ्याच्या टोकाला मलमलचा ओला फडका गुंडाळलेला. हवा कोरडी असली की फडका भराभर वाळतो, वाळता वाळता टोक थंड करतो आणि पारा खाली उतरतो. दोन्हींतलं अंतर जितकं जास्त तितकी हवा कोरडी. हे एकदा समजलं की पोरं रोज धावत येऊन ते अंतर वाचायची, घरात नवीन बाळ आलं की त्याला बघायला धावतात तशी. सृष्टीने टाचा उंचावून वाचलं, बोटांवर वजाबाकी केली आणि खडूने लिहिलं: अकरा.

"अकरा म्हणजे काय?" गुरुजींनी विचारलं.

"म्हणजे आज टाकलेली कुरडई उद्या कडक," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळी हसली.

ते खरंच होतं. कॉलनीतल्या बायका हा फळा वाचायच्या त्या वाळवणासाठीच. पण फळ्यावर त्यांचा भरवसा निम्माच. उरलेला निम्मा दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या धोंडाबाईंवर होता. धोंडाबाई म्हणजे गुरुजींची बायको. काही वर्षांपूर्वी अशाच मार्चात, लख्ख ऊन पडलेलं असताना, गच्चीवर चुली पेटलेल्या असताना ही बाई वर गेली, नाक वर करून उभी राहिली आणि म्हणाली, आज काही घालू नका. बायका कुरकुरल्या, पण थांबल्या. दुपारी अशा गारा पडल्या की गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलं. तेव्हापासून धोंडाबाईंना विचारल्याशिवाय कॉलनीत कोणी कुरडईचा घाट घालत नसे. चीक तयार झाला की त्यांच्या दारात यायचं, विचारायचं आणि मगच गच्चीवर जायचं, असा रिवाजच पडून गेला. गुरुजी गमतीने म्हणायचे, माझं खातं खालच्या मजल्यावरचं, हिचं वरच्या.

आता मात्र गुरुजींना ती गंमत सुचत नव्हती.

गेल्या पावसाळ्यापासून धोंडाबाईंचं काहीतरी सुटत चाललं होतं. आधी शब्द सुटले, मग चुलीवरची दुधं, मग माणसं. एकदा भाजी आणायला गेल्या आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीशी उभ्या राहून घर कुठे ते आठवत राहिल्या. गुरुजींनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, पण सांगितलं त्याने नीट, न फिरवता. हे मागे येणारं नाही, पुढेच जाणारं आहे. गुरुजींनी ते ऐकून घेतलं, गोळ्या आणल्या आणि कोणाला काही सांगितलं नाही. मुलगा बुद्धभूषण पुण्याला असतो, त्यालाही नाही. दारात कोणी आलं की बायकोच्या आधी आपण बोलायचं, ती अडखळली की वाक्य पुरं करायचं, फोन आला तर ती झोपली आहे म्हणायचं. जन्मभर पोरांना उत्तर शोधायला वेळ देणारा हा माणूस आता बायकोच्या तोंडातून उत्तर निघायच्या आत ते हिसकावून घेऊ लागला.

बुधवारी संध्याकाळी संजना वर आली. खालच्या मजल्यावर राहणारी, हसरी, कामाला वाघ. चार घरांनी मिळून गहू भिजवले होते. रोज पाणी बदलून झालं होतं, वाटून, पिळून चीक काढून झाला होता. आता मोठ्या पातेल्यांत तो खाली बसत होता. सकाळी निवळी ओतून द्यायची आणि शिजवायला घ्यायचा. नेहमीप्रमाणे ती दारातच उभी राहिली.

"मावशी, उद्या घालू ना?"

धोंडाबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली, नाक वर केलं. बाहेर आभाळ निळंशार होतं, एवढासा कापूस नव्हता.

"पानी येनार हाय," त्या म्हणाल्या. "लय मोठं. नका घालू."

संजना हसली. "मावशी, खाली गुरुजींनी कोरडं लिहिलंय. एका घरात दोन आभाळं कशी?"

ही नेहमीची थट्टा. एरवी धोंडाबाईंनी तिला तिथल्या तिथे गप्प केलं असतं. मास्तरला पुस्तकातला पाऊस कळतो, असं काहीतरी त्या म्हणाल्या असत्या. पण या वेळी त्यांचा चेहरा थांबला. चालता चालता पुढची पायरी दिसेनाशी व्हावी तसा. त्यांनी संजनाकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं, परत खिडकीकडे.

"वास येतोय ना," त्या म्हणाल्या. मग जरा चढ्या आवाजात, "शांते, तुला नाय येत का वास?"

शांता त्यांची धाकटी बहीण. ती जाऊन खूप वर्षं झाली होती.

संजनाचं हसू ओठांवरच राहिलं. तिने गुरुजींकडे पाहिलं. त्या नजरेत अजून प्रश्न नव्हता, पण तो यायला क्षणाचाच अवकाश होता. गुरुजी लगबगीने पुढे झाले.

"अगं, ती बरोबर सांगतेय," ते म्हणाले. "दुपारी मीही बघितलं, पश्चिमेला भरून आल्यासारखं होतं. फळा बदलायला मी आता खालीच निघालो होतो. दोन दिवस थांबा तुम्ही."

"असं होय," संजना म्हणाली. तिच्या खांद्यावरचा ताण उतरलेला त्यांना दिसला. "मग राहू दे बाई. मावशींचा शब्द आणि फळा एक झाल्यावर आम्ही कोण."

ती गेली. गुरुजी खाली गेले. विहाराच्या आवारात कोणी नव्हतं. फळ्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले. उजवीकडच्या खणात पाऊस लिहिता येत नव्हता. फोन सगळ्यांकडे होता, कोणीही पडताळून बघितलं असतं. मग त्यांनी डावीकडे लिहिलं, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात, जे बघून पोरं आपलं अक्षर सुधारायची: पश्चिमेला ढग. पावसाची चिन्हे. आणि ते वर आले.

गुरुवार उजाडला तो पुसून ठेवलेल्या काचेसारखा. धोंडाबाईंना आदल्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. दुपारी त्यांनी दोरीवरचे कपडे ओलेच काढून आणले, मग ते का आणले हे न कळून मांडीवर घेऊन बसल्या. गुरुजींनी ते एकेक करून परत वाळत घातले. बायका गच्चीवर जाऊन आभाळाकडे बघून येत होत्या. शुक्रवारीही तेच. ऊन सौम्य, वारा कोरडा, आणि चार घरांच्या पातेल्यांत चीक बसून होता. एवढाली पातेली कोणाच्या फ्रीजमध्ये मावणार? संजनाने वरचं पाणी दोनदा बदललं, बाकीच्यांनीही बदललं. शुक्रवारी संध्याकाळी जिन्यात आंबूस वास सुटला. साधा कुरडईचा आंबटपणा नव्हे, त्याच्या पलीकडचा, नासका.

शनिवारी सकाळी संजनाने आणि तिच्या नवऱ्याने, नवनाथने, पातेली गाडीवर घालून नाल्यापलीकडच्या म्हशींच्या गोठ्यावर नेली. गुरुजी नेमके गेटशी भेटले. नवनाथ बोलायला मोकळा. तो म्हणाला, गुरुजी, आज म्हशींची मेजवानी आहे, आता दूध सोऱ्यातून पाडावं लागेल. संजनाने त्याला कोपराने ढोसलं. मग गुरुजींना वाईट वाटू नये म्हणून तीच समजूत घालू लागली, की आभाळावर कोणाची सत्ता आहे, दुसरीकडे कुठेतरी पडला असेल, मावशींचं नाक कधी खोटं बोलत नाही. पुन्हा गहू भिजवू, त्यात काय. गुरुजी मान हलवत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटलं. आयुष्यात त्यांनी पुष्कळ पोरांच्या थापा पकडल्या होत्या. थाप मारणाऱ्यावर समोरच्याने विश्वास ठेवला की आत काय होतं, हे त्यांना या वयात पहिल्यांदा कळत होतं.

त्या संध्याकाळी वर्ग होता. गुरुजी धोंडाबाईंनाही खाली घेऊन आले, कारण आता बायकोला एकटं ठेवायची त्यांना भीती वाटत होती. त्यांना विहाराच्या पायरीजवळ खुर्चीवर बसवलं. संजनाही पोराला सोडायला आली होती, ती धोंडाबाईंच्या शेजारी टेकली.

गुरुजींनी ठरवलं होतं, की फळा मुकाट्याने पुसायचा आणि नवा आठवडा सुरू करायचा. त्यांनी कापड उचललं. मग डावीकडच्या खणात त्यांची नजर गेली. त्यांच्या ओळीखाली सृष्टीने रोजचं अंतर लिहिलं होतं. गुरुवारी चार. शुक्रवारी तीन.

गुरुजी ओसरीत गेले. फडका ओला होता, तापमापक जागेवर होते. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. अंतर अकराच होतं.

"सृष्टी, हे तीन कसे आले गं?"

ती उभी राहिली. गुरुजी थांबले. थांबणं त्यांना येत होतं.

"अकराच आले होते गुरुजी," ती म्हणाली. "दोन्ही दिवस."

"मग तीन का लिहिलेस?"

"तुम्ही ढग बघितले होते ना. पाऊस येणार म्हटल्यावर हवा ओली पाहिजे." ती खाली बघू लागली. "मला वाटलं माझंच वाचायला चुकतंय. मग मी बरोबर करून लिहिलं."

गुरुजी आता रागावतील, याची सृष्टी वाट बघत होती. गुरुजींनी हातातलं कापड खाली ठेवलं. इतक्या वर्षांत कितीतरी पोरांनी त्यांच्यापुढे चुकीची उत्तरं लिहिली होती, आणि एकाही चुकीचं त्यांना कधी ओझं वाटलं नव्हतं. चूक म्हणजे शिकण्याची जागा, असं ते म्हणायचे. पण या पोरीने आपले डोळे खरे असताना ते पुसून टाकले होते, आणि ते करायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. घरात बायकोचं रोज थोडं थोडं जात होतं, त्यावर त्यांचा इलाज नव्हता. हे मात्र त्यांनी आपल्या हाताने केलं होतं.

त्यांनी एकदा खुर्चीकडे बघितलं. धोंडाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

"सृष्टीचं वाचायला चुकलं नाही," गुरुजी पोरांना म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, सावकाश, शेवटच्या पायरीवरच्यालाही ऐकू जाईल असा. "ढग नव्हतेच. मी बघितलेच नव्हते. न बघता मी या बाजूला लिहिलं."

"का?" एका लहान पोराने विचारलं. पोरं तेवढंच विचारतात.

"आजीला पावसाचा वास आला. आजीचं आता कधी कधी चुकतं. तिला बरं नाही. ते कोणाला कळू नये म्हणून मी लिहिलं."

संजनाचा हात तोंडाशी गेला. बुधवारची ती हाक तिला आत्ता कळली असावी, कारण तिने एकदम वळून धोंडाबाईंकडे बघितलं आणि मग लगेच नजर काढून घेतली.

गुरुजींनी आपली ओळ पुसली. सृष्टीच्या हातात खडू दिला. तिने चार आणि तीन पुसून दोन्ही ठिकाणी अकरा लिहिले, आणि मग कोणी न सांगता ओसरीत जाऊन त्या दिवसाचं अंतर पुन्हा वाचून आली.

"मास्तर," खुर्चीवरून आवाज आला. "काय लिवलं पोरीनं?"

"अकरा लिहिलं."

"म्हंजे?"

"म्हणजे हवा कोरडी आहे. पाऊस नाही."

धोंडाबाईंनी नाक वर केलं. सगळी पोरं त्यांच्याकडे बघत होती. विहाराच्या आवारातल्या पिंपळाची पानं कोरड्या वाऱ्यावर खडखडत होती.

"मला तर येतोय वास," त्या म्हणाल्या.

"हो," गुरुजी म्हणाले. "येत असेल."

"पन पानी नाय."

"नाही."

धोंडाबाईंनी मान हलवली. वर्गात मागच्या बाकावरचं एखादं पोर काही न समजता मान हलवतं, तशी. मग त्या हळूच म्हणाल्या, "मंग बायांना सांगा, मला नका इचारू म्हनावं. उगा त्यांचं नुसकान व्हईल."

संजनाने त्यांचा हात धरला. "असं काय बोलता मावशी," ती म्हणाली. तीच त्यांना हाताला धरून वर घेऊन गेली. गुरुजींनी वर्ग पुरा केला. वारा कुठून येतो ते पिंपळाच्या पानांवरून कसं ओळखायचं, हे त्या दिवशी शिकवायचं ठरलं होतं, ते शिकवलं.

रविवारी त्यांनी बुद्धभूषणला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाबा, मला आधी का नाही सांगितलंत. पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला.

अंदाज पुन्हा कोरड्याचाच होता. संजनाने आणि बाकीच्या तिघींनी परत गहू भिजवले. कॉलनीत आता सगळ्यांना कळलं होतं. जो तो वाटी भरून काहीबाही आणून देऊ लागला. कोणी पुरणपोळी, कोणी डाळिंबाचे दाणे. दारात आल्यावर सगळ्या धोंडाबाईंशी जरा मोठ्याने आणि जरा जास्तच गोड बोलायच्या, लहान मुलाशी बोलावं तशा. हवेबद्दल कोणी विचारत नव्हतं.

शुक्रवारी पहाटे गुरुजी चहा ठेवत होते. जिन्यात पावलं वाजली, बांगड्या वाजल्या, पातेल्याच्या कड्यांचा आवाज आला. बायका चीक घेऊन गच्चीवर चालल्या होत्या. गुरुजींनी गॅस बारीक केला आणि ऐकत उभे राहिले. पावलं दारापाशी आली. क्षणभर मंदावली, की तसं त्यांना वाटलं कोण जाणे. मग पुढे वर निघून गेली.

"कोन गेलं वो?" आतून धोंडाबाईंनी विचारलं.

"संजना आणि त्या सगळ्या. कुरडया घालायला."

"आज?"

"आज."

गुरुजी बशीत चहा ओतून आत गेले. धोंडाबाई पलंगावर उठून बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून. केस विंचरून, पदर सारखा करून बसल्या होत्या, कोणीतरी यायचं असावं तशा. गुरुजी त्यांच्या शेजारी बसले. वर चुली पेटल्या असाव्यात, धुराचा वास खाली येत होता. त्यांनी बशी पुढे केली. चहा निवेपर्यंत दोघंही दाराकडे बघत राहिले.